धुराच्या वाटेवरील फट

विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे पहिली उपनगरी आगगाडी धावली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. तो काळ वाफेचा होता. वाफेच्या इंजिनात काम आटोपलेली वाफ उगीच वाऱ्यावर सोडून देत नसत. धुरपेटीतील एका तोटीमधून ती जोराने धुरांड्यात सोडली जाई. तिच्या वेगाबरोबर धुरपेटीतील हवा वर खेचली जाई आणि त्या ओढीने मागच्या भट्टीतील जाळ नळ्यांतून पुढे येई. अशा इंजिनाच्या धुरपेटीचे दार काडीभर जरी सैल राहिले, तरी बाहेरची हवा त्या फटीतून आत शिरे, भट्टीची ओढ मंदावे आणि कोळसा भरपूर असूनही वाफ अपुरी पडे. मग जाणता कारागीर पेटता काकडा दाराच्या कडेकडेने फिरवी. ज्योत ज्या जागी आत वळे, तेथे फट आहे हे निश्चित होई. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या आणि उपनगरी प्रवासातील धुराचे राज्य ओसरू लागले. परंतु त्या काकड्याने शिकविलेला धडा मात्र जुना झाला नाही.

तो धडा असा. धुराच्या वाटेवर जेथे दाब असतो तेथे फट ओकते, आणि जेथे ओढ असते तेथे फट गिळते. मोटारगाडीच्या धुराच्या नळीत तर क्षणात दाब आणि क्षणात ओढ, असा खेळ अखंड चालू असतो. यास्तव तिच्यातील बारीकशी फट दोन्ही प्रकारे घात करते. या फटीकडे माणूस कोणत्या दृष्टीने पाहत आला, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या मोटारगाडीचे पेटंट घेतले. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, म्हणजे १८९८ मध्ये, मुंबईच्या रस्त्यावर मोटार आली. जमशेटजी टाटा हे तिच्या पहिल्या मालकांपैकी एक होत. मधल्या काळात, १८९७ साली, अमेरिकेतील रीव्ह्ज बंधूंनी धुराचा आवाज दाबणाऱ्या पेटीचे पेटंट मिळविले होते. तीच आपल्या परिचयाची सायलेन्सर. इंजिनाच्या प्रत्येक नळकांड्यातून स्फोटासरशी बाहेर पडणारा तप्त वायू मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो, तेथून नळीवाटे सायलेन्सरमध्ये शिरतो, तेथील खणांत त्याचा जोर मोडतो आणि मग तो शेपटीच्या नळीतून निमूटपणे बाहेर पडतो. या वाटेवरील प्रत्येक सांध्यात पॅकिंग घातलेले असते.

त्या आरंभीच्या काळात फट म्हणजे केवळ गोंगाट, अशीच समजूत होती. किंबहुना कित्येक शौकीन लोक सायलेन्सरच्या अलीकडे मुद्दाम एक झडप बसवून घेत आणि ती उघडून गाडी गर्जत नेण्यात भूषण मानीत. सायलेन्सरमुळे इंजिनाची शक्ती वाया जाते, असे त्यांचे म्हणणे असे. हिंदुस्थानात मोटारींसंबंधीचा कायदा १९१४ मध्ये आणि त्यानंतरचा अधिक व्यापक कायदा १९३९ मध्ये झाला. पुढे अशा गर्जनेस आळा बसत गेला. परंतु कानाला होणारा त्रास हा या फटीचा सर्वांत लहान अपराध होता.

तिचा मोठा अपराध निराळाच आहे. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. १८९५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञांनी हा वायू स्वतः हुंगून त्याचा शरीरावरील परिणाम पारखला. रक्तातील तांबडे द्रव्य प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक आसक्तीने धरून ठेवते. म्हणून तो हवेत अत्यल्प असला, तरी रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. प्रथम डोके दुखते, मग मळमळते, मग गुंगी येते. माणसास वाटते की प्रवासाचा शीण आला, आणि तो डोळे मिटून स्वस्थ बसतो. घात होतो तो येथेच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या वायूची ओळख महाराष्ट्रातील प्रवाशांस फार जवळून झाली. पेट्रोल दुर्मिळ झाले आणि मोटारींच्या पाठीशी कोळशाच्या भट्ट्या बसविण्यात आल्या. दगडी नव्हे, तर लाकडी कोळसा. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, ज्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, जंगलात कोळसा पाडण्याचा धंदा जुनाच होता आणि कातकरी कुटुंबे त्या भट्ट्यांवर राबत असत. मोटारीच्या भट्टीत धुमसणाऱ्या कोळशातून जो वायू निघे, त्याचा मुख्य ज्वालाग्राही अंश म्हणजे हाच कार्बन मोनॉक्साइड. अन्यत्र जो वायू टाकाऊ, तो येथे प्रत्यक्ष इंधन होता. गाडी चालू असताना इंजिन तो खेचून घेई. त्या वेळी फट असली तर हवा आत शिरून शक्ती कमी होई, एवढेच. परंतु गाडी सुरू करताना पंख्याने भट्टी फुलवावी लागे, आणि गाडी थांबल्यावरही कोळसा धुमसतच राही. या दोन वेळी ओढीच्या ठिकाणी दाब येई आणि झाकणाच्या सांध्यांतून विष बाहेर पडे. म्हणून भट्टीची गाडी बंदिस्त जागेत ठेवू नये, हा त्या काळचा पहिला नियम होता.

युद्ध सरले, पेट्रोल परतले. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. तिच्याच काळ्या-पिवळ्या पद्मिनी पुढे मुंबईची खूण ठरल्या आणि ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाल्या. या गाड्यांनी मिस्त्रींची एक पिढी घडविली. वसई-विरारचा परिसर तर अशा कारागिरीची कसोटीच. एका बाजूस समुद्र, खाडी आणि मिठागरे. दुसऱ्या बाजूस मुंबई–अहमदाबाद महामार्गाची अखंड रहदारी. खारी हवा पत्रा बाहेरून खाते. जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापत नाही, त्यात धुरातील पाणी साचते आणि ते त्यास आतून कुरतडते. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसई भाग पाण्याखाली गेला, तसे प्रसंग आले म्हणजे उरलेसुरले काम पुराचे पाणी करते.

फट शोधण्याची रीत मात्र साधी आहे. गाडी मोकळ्या जागेत, रात्रभर थंड झालेली असावी. इंजिन सुरू करताच पहिली दोन-तीन मिनिटे मोलाची. मॅनिफोल्डच्या सांध्यात फट असेल, तर इंजिनाच्या तालावर टकटक ऐकू येते. धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज विरतो. म्हणूनच तापलेली गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलेला मालक पुष्कळदा खोटा पडतो. पुढच्या नळीतील फट फुसफुसते. ऐकून झाल्यावर पाहावे. सांध्याभोवती काळी काजळी किंवा राखी पट्टा दिसला, तर धुराने तेथे आपली सही केलेली असते. मग नळी तापण्यापूर्वीच साबणाचे पाणी सांध्यावर लावावे आणि सहकाऱ्याने जाड फडक्याने शेपटीची नळी क्षणभर अर्धवट झाकावी. दाब वाढून फटीवर फुगे येतात. सायकलचे पंक्चर काढणाऱ्याने हे तत्त्व कधीच ओळखले आहे. गाडी जॅकवर उचललेली असल्यास तिच्याखाली भक्कम आधार दिल्यावाचून कोणी शिरू नये.

दुरुस्ती रोगाप्रमाणे करावी. सांधा सैल असेल तर बोल्ट सारख्या ताणाने आवळावेत. पॅकिंग जळले असेल तर नवेच घालावे. नळीस सुईएवढे भोक असेल आणि भोवतालचा पत्रा शाबूत असेल, तर गंज खरवडून वेल्डिंगने तुकडा बसवावा. नव्या गाड्यांत विजेचे वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी. पुट्टी आणि पट्टी ही वाटेतील मलमपट्टी होय, तो कायमचा उपचार नव्हे. पत्राच सडला असेल तर डागडुजीचा हट्ट धरू नये, नळी बदलावी.

अलीकडच्या तीस वर्षांत या फटीने आणखी एक रूप घेतले. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यास सोसणारे शिसेविरहित पेट्रोल आले. २००० मध्ये हे पेट्रोल देशभर झाले आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे कडक प्रमाण लागू झाले. आता धुरातील प्राणवायू मोजणारा एक संवेदक इंजिनास किती इंधन द्यावे हे ठरवितो. त्याच्या अलीकडे फट असली की ओढीच्या क्षणी बाहेरची हवा आत शिरते. संवेदक फसतो, इंधन कमी पडते असे समजतो आणि यंत्र अधिक पेट्रोल ओतू लागते. धुरपेटीच्या सैल दारातून शिरणारी ती १८६७ ची हवाच जणू पुन्हा परतली.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. धुराच्या तपासणीचा दाखला शेपटीच्या टोकाशी मोजून दिला जातो. वाटेत फट असेल तर काही धूर आधीच निसटतो आणि शिरलेल्या हवेने उरलेला पातळ होतो. यंत्राचा आकडा चांगला दिसतो आणि गाडीखाली विष पसरत राहते. दाखला खोटा नसतो. त्यास फक्त मधली वाट दिसत नाही. ती पाहण्याचे काम अजूनही मालकाच्या कानाचे व डोळ्याचेच आहे.

पावसाळ्याच्या दिवसांत काचा मिटून, वातानुकूलन लावून, महामार्गावरील कोंडीत घरची माणसे तासन्‌तास बसून राहतात. अशा वेळी मागील आसनावरील मूल अकारण पेंगू लागले किंवा दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर तो थकवा समजू नये. आधी काचा उघडाव्यात, सर्वांनी गाडीबाहेर मोकळ्या हवेत यावे, कोणी गुंगलेले असल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. आणि गाडी तपासल्यावाचून पुन्हा चालवू नये. फट लहान असते म्हणून ती राहून जाते, आणि राहून जाते म्हणूनच ती घातक ठरते.