शनिवारची रात्र आणि सोबतीची नावे

नागपूरहून मुंबईचा समुद्र लोहमार्गाने सुमारे ८४० किलोमीटर, म्हणजे एका रात्रीच्या अंतरावर. तेथे कुलाब्यास आर्थर बंदर रस्त्यावर 'व्हूडू' नावाचे मद्यगृह होते. १९९० नंतरच्या दशकात त्याची शनिवारची रात्र समलिंगी पुरुषांची समजली जाई. इतर रात्री तीच जागा इतरांची. म्हणजे हक्क जागेवर नव्हता, वारावर होता. भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम (१८६०) कृत्यास शिक्षा सांगत असे, एकत्र जमण्यास नव्हे. परंतु त्याचा धाक जमणाऱ्यांनाही असेच. प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले.

अशा लोकांसाठी निघालेल्या उपक्रमांची नावे भाषाभ्यासकास लक्षणीय वाटतात. अशोक राव कवी यांचे नियतकालिक 'बॉम्बे दोस्त' (१९९०), मुंबईचा 'हमसफर' न्यास (१९९४), पुण्याचा 'समपथिक' न्यास (२००२), आमच्या नागपुरातील 'सारथी' न्यास. 'दोस्त' वगळता सारी नावे प्रवासाची आहेत, आणि देहाचा निर्देश एकातही नाही. फारसी 'हम' व संस्कृत 'सम' हे तर सगोत्रच. 'समलिंगी' ह्या शब्दातही तोच 'सम' आहे. तेथे तो लिंगाशी जोडला आहे, येथे वाटेशी. हा निव्वळ योगायोग मानणे मला पटत नाही.

ज्यांचे प्रेम स्त्रीवर आहे अशा स्त्रियांनी १९९५ साली मुंबईत स्थापिलेल्या संघटनेचे नाव मात्र 'स्त्री संगम'. त्यात वाट नाही, भेट आहे. रात्री एकटीने समुद्रकाठी जाण्याची मोकळीक तेव्हा कोणत्याच स्त्रीस फारशी नव्हती.