अनोळखी विषयाचा उंबरठा

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. तेव्हा सर्व विषयांचा आधुनिक ज्ञानकोश मराठीत नव्हता. कल्याणच्याच आनंदीबाई जोशी १८८६मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, पण त्या इंग्रजीच्या वाटेने. ज्यांना ती वाट बंद होती, त्यांचे काय?

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कंपनी काढून, भागभांडवल जमवून २३ खंडांचा ज्ञानकोश सिद्ध केला, तो १९२०च्या दशकात. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड आला १९७६मध्ये. दोन्हींच्या रचनेत मला एक साम्य दिसते : अकारविल्हे नोंदींआधी दोन्हींनी वेगळी पूर्वतयारी केली.

कारण उघड आहे. अकारविल्हे कोशात नोंद शोधायला शब्द ठाऊक हवा, आणि नवख्याकडे नेमका तोच नसतो. केतकरांनी पहिले पाच खंड प्रस्तावनेला दिले. त्यांतला पाचवा ‘विज्ञानेतिहास’. विषय कोणत्या प्रश्नांतून वाढला, हे आधी कळावे. विश्वकोशाने इंग्रजी संज्ञांना मराठी पर्याय देणारा ‘परिभाषासंग्रह’ १९७३मध्येच काढला, क्रमांक मात्र अठरावा. लेखनात एकवाक्यता यावी म्हणून केलेला तो खंड वाचकालाही नोंदीपर्यंत पोचवतो.

केतकरांचे विज्ञान आज जुने झाले आहे. माहितीसाठी विश्वकोशच उघडावा. पण विषयात शिरताना आधी त्याचा इतिहास, मग परिभाषा, मग नोंद, हा क्रम अजून उपयोगी आहे. इंग्रजी न येणाऱ्या वाचकालाही विद्येचा अधिकार आहे, हे या दोन्ही कोशांनी गृहीतच धरले होते.