मद्रासचा एक आणा

मद्रास शहरातील थाउजंड लाइट्स भागात महापालिकेची जी शाळा होती, तेथील दरिद्री मुलांना उपाशीपोटी विद्याभ्यास करावा लागू नये म्हणून, पिट्टी त्यागराय चेट्टी अध्यक्षपदी असताना, कौन्सिलाने १९२० साली दरडोई रोज एक आण्याच्या मर्यादेत फराळ देण्याचा ठराव मंजूर केला, आणि जे कार्य आजवर दानधर्म मानले जाई ते नगरशासनाच्या जमाखर्चात रीतसर दाखल झाले; त्या फराळाच्या परिमाणापेक्षा या नोंदीचेच मोल मला अधिक वाटते. पुढे आणखी चार शाळांत ही सोय झाली, पटही वाढला. परंतु प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून असा खर्च करण्यास सरकारने हरकत घेतली आणि १९२५ च्या एप्रिलपासून, मुलांची भूक होती तशीच असताना, निव्वळ खर्चाच्या सदराच्या वादापायी तो फराळ बंद पडला. या हुकमाचे समर्थन कोणत्याही दप्तरी युक्तिवादाने होईल असे मला वाटत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर ज्यांची स्वतःची शाळा बालवयातच सुटली होती, त्या कामराजांनी मुख्यमंत्री या नात्याने १९५६ साली मद्रास राज्यात शाळांतील मध्याह्नभोजनाची योजना सुरू केली. तीत सरकारी तरतुदीच्या जोडीला गावोगावच्या लोकांनी आपखुशीने दिलेले धान्य आणि वर्गणीही होती.