पंखांवरचे ठिपके आणि नराची खूण

आश्विन महिन्यात सायंकाळी सांबऱ्याच्या रस्त्याने जावे, तर विमानतळाच्या कुंपणापलीकडच्या गवतावर आणि अलीकडच्या भातशेतांवर पिवळसर-तांबूस चतुरांचे थवे तरंगताना दिसतात. ब्रिटिश हवाई दलाने १९४२ साली येथे धावपट्टी बांधली. या चतुरांचे उड्डाण अर्थातच त्याहून फार जुने आहे. 'पँटाला फ्लाव्हेसेन्स' हे त्यांचे शास्त्रीय नाव. याच जातीचे थवे पावसाळा ओसरल्यावर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडले. आमच्या लहानपणी मात्र या प्रवाशांच्या शेपटीला दोरा बांधण्यापलीकडे आमची विद्या गेली नव्हती. प्रत्येक चतुर हा चतुरच, आणि त्याला दुसरे नाव असू शकते, हे ध्यानीमनीही नव्हते.

हे आठवण्याचे कारण थोडे लाजिरवाणे आहे. काही वर्षांपूर्वी एका शालेय प्रदर्शनासाठी आम्ही परिसरातील कीटकांची यादी करून दिली. सांबऱ्याच्या एकाच बांधावर आम्हांस दोन चतुर आढळले होते. एकाचे पंख मुळापासून निम्म्यापर्यंत शाईसारखे काळे, त्यापुढे दुधी पट्टा आणि टोक पारदर्शक. दुसऱ्याचे पंख मधाच्या रंगाचे, त्यांत काळसर डाग, आणि टोकेही काळी. एवढा ढळढळीत फरक पाहिल्यावर शंका कशाला घ्यायची? आम्ही दोन जाती म्हणून दोन पाट्या लिहिल्या. प्रदर्शन पाहावयास आलेले प्राणिशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक पाट्यांसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, "अहो, हे नवराबायको आहेत. यांना दोन घरांत का ठेवलेत?" ती दोन्ही 'न्यूरोथेमिस टुलिया' या एकाच जातीची, ड्रुरी या इंग्रज संग्राहकाने १७७३ सालीच नाव देऊन ठेवलेली जोडी होती.

असो. या चुकीत आम्हांस सोबत मोठी आहे. प्राणिनामांची आजची पद्धत ज्याने घालून दिली त्या लिनियसने १७५८ च्या ग्रंथात एकाच रानबदकाच्या नराला एक आणि मादीला दुसरे नाव दिले होते. त्याच ग्रंथात त्याने 'पॅनॉर्पा' या कुळातील दोन कीटकांची नोंद केली. त्यांना मराठीत विंचूमाशी म्हणता येईल. लांब चोचीसारखे तोंड, पारदर्शक पंखांवर काळपट ठिपके आणि पट्टे, आणि नराच्या उदराचे टोक विंचवाच्या नांगीप्रमाणे वर वळलेले, असे तिचे रूप. पाहणारा दचकतो, परंतु त्या नांगीत विष नाही. ती नराची जननेंद्रिये असून तिच्या टोकाशी मादीस धरून ठेवणारा चिमटा असतो. मादीला अशी नांगी नसते.

युरोपातील अभ्यासकांनी आरंभी साहजिकच पंखांवर भिस्त ठेवली. ठिपके मोजावेत, पट्टा तुटका की सलग ते पाहावे, आणि नाव द्यावे. पण ठिपके फसवे निघाले. 'पॅनॉर्पा जर्मॅनिका' या जातीत स्कॉटलंडकडचे काही नमुने जवळजवळ निष्कलंक पंखांचे मिळाले. त्यांना काही काळ वेगळ्या नावाने ओळखले गेले. एकाच झुडपावरच्या दोन माश्यांचे ठिपके जुळेनात, आणि दोन भिन्न जातींचे मात्र जुळू लागले. अखेरीस निर्णय नराच्या नांगीकडे गेला. चिमट्याची वक्रता, त्याच्या मुळाशी असलेले दात, खालच्या बाजूच्या दोन पाकळ्यांची रुंदी या गोष्टी एका जातीत फारशा बदलत नाहीत, आणि शेजारच्या जातीत निश्चित वेगळ्या असतात.

असे का व्हावे? लेओं द्यूफूर या फ्रेंच वैद्याने १८४४ साली याचे उत्तर कुलूप-किल्लीच्या दृष्टांताने दिले : प्रत्येक जातीच्या नराची किल्ली त्याच जातीच्या मादीच्या कुलपास लागते, म्हणून संकर टळतो. दृष्टांत इतका चपखल, की शंभर वर्षे तो जवळपास सिद्धान्त म्हणून चालला. पुढे १९८५ साली विल्यम एबरहार्ड यांनी एक ग्रंथ लिहून दाखविले, की कुलूप पुष्कळदा सैलच असते. नराच्या अवयवांतील वैविध्यामागे मादीची निवड हे अधिक मोठे कारण असावे. वाद मिटलेला नाही. ओळख पटविणाऱ्याचे काम मात्र दोन्ही मतांनी सारखेच चालते.

भारतात विंचूमाशा आहेत. हिमालयात, ईशान्येकडे आणि दक्षिणेतील ओल्या डोंगरांवर. त्यांपैकी बऱ्याच 'निओपॅनॉर्पा' या गणात मोडतात. हा गण व्हान डर वीले यांनी १९०९ साली वेगळा केला, आणि तोही पंखाच्याच आधारे. मात्र ठिपका नव्हे, तर पंखातील एक शीर किती लांबवर जाऊन कडेला मिळते, यावरून. १९७६ साली कॅन्सस विद्यापीठाच्या रस्ट आणि बायर्स यांनी भारतातील विंचूमाशांचा एकत्र आढावा घेतला. सावली, ओल आणि कुजणारा पालापाचोळा यांचा हा जीव. सांबऱ्याच्या उघड्या माळाशी त्याचे गोत्र जुळत नाही. पण पंख आणि नर हीच दुहेरी कसोटी आमच्या प्रांतात दुसऱ्या एका कीटकावर फार बारकाईने लावली गेली, आणि तो कीटक आमच्या बांधावरचाच, म्हणजे चतुर.

इंग्रजी अमलात या मुलखाला 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत, हे आमच्या जुन्या कुटुंबांना सांगावयास नको. १८८१ साली कॅप्टन बटलर या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन आणि दक्षिण मराठा देश यांतील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तिच्या शीर्षकातही हेच नाव आहे. त्यानंतर घाटाखाली कारवारकडे तीन नोकरशहांची फुलपाखरांवर नजर वळली : डेव्हिडसन, बेल आणि साताऱ्यास जन्मलेले, मिठागरे व जकात खात्यातील एटकेन. उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवरील त्यांची लेखमाला १८९६ पासून मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात आली. तिघांपैकी थॉमस रीड डेव्हिस बेल हे वन खात्यातले. निवृत्त झाल्यावर विलायतेस न परतता ते कारवारलाच राहिले आणि १९४८ साली तेथेच वारले. फुलपाखरे झाली, पतंग झाले, आणि उतारवयात ते चतुर पकडू लागले. पकडलेले नमुने ते लेफ्टनंट कर्नल फ्रेझर यांच्याकडे पाठवीत.

फ्रेझर पेशाने लष्करी डॉक्टर. भारतीय चतुर आणि टाचण्यांवरील त्यांचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ साली निघाले. ते चाळताना प्रथम नजरेत भरतात त्या शेपटीच्या टोकांच्या आकृत्या. वरून, बाजूने, पुन्हा वरून. कारण साधे आहे. चतुर मेला की त्याचे रंग मावळतात; निळा करडा होतो, हिरवा तपकिरी. दूरच्या टपालाने आलेल्या डबीत रंगांवर विश्वास ठेवणे म्हणजे वाळल्या फुलावरून वास सांगणे. पंखांवरचे डाग बरेच टिकतात, शिरांची जाळी टिकते, आणि नराच्या शेपटीचे कठीण आकडे टिकतात. त्या आकड्यांनी तो मादीला मानेशी पकडतो. चतुर असेल तर डोक्यास, टाचणी असेल तर मानेमागच्या भागास. शिवाय नराचे प्रत्यक्ष समागमाचे अवयव शेपटीच्या टोकाशी नसून पुढे, उदराच्या दुसऱ्या खंडाखाली असतात. जोडी उडताना चक्राकार दिसते ती त्यामुळे. या दोन जागा पाहिल्याशिवाय फ्रेझर सहसा निकाल देत नसत. मादी एकटीच आली की त्यांचीही अडचण होई.

बेल यांच्या नमुन्यांवरील चिठ्ठीत स्थळ असते, तारीख असते, साहेबांचे नाव असते. जाळे घेऊन ओढ्यात उतरणारा शिपाई किंवा वनरक्षक कोण होता, हे तीत नसते. आमच्या काही घरांतील आजोबा-पणजोबा त्या काळी वन खात्यात होते. त्यांच्या तोंडी या कीटकांची कोणती नावे होती, हे विचारावयास आता कोणी उरले नाही. आज पश्चिम घाटात चतुर-टाचण्यांच्या दोनशेच्या आसपास जाती मोजल्या जातात, आणि आपल्या भाषेत त्यांच्यासाठी रूढ शब्द पुरते दोन. ही उणीव आम्हांस डाचते.

काम मात्र संपलेले नाही. २०२२ साली आंबोलीजवळच्या चौकुळ गावावरून 'बर्मागॉम्फस चौकुळेन्सिस' ही नवी जात शास्त्रात दाखल झाली. हे सारे कुळच पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे, एकास झाकावे नि दुसऱ्यास काढावे असे. भेद ठरला तो छातीवरच्या खुणा आणि नराचे अवयव पाहून. त्याच आंबोलीच्या हिरण्यकेशीत २०२० साली एक नवा मासा सापडला होता, आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. हिरण्यकेशीचे पाणी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत आपल्याच जिल्ह्यात येते. तिच्याबरोबर काय काय वाहत येते, याची नोंद आपल्या बाजूस कोणी फारशी ठेवलेली नाही.

प्रदर्शनानंतर आम्ही ती पाटी बदलली. एकाच नावाखाली दोन चित्रे लावली आणि कंसात नर, मादी असे लिहिले. ते शिक्षक पुढच्या आश्विनात आमच्याबरोबर सांबऱ्याच्या बांधावर आले. त्यांनी एक चतुर हलक्या हाताने पंख मिटून धरला, खिशातले भिंग शेपटीच्या टोकावर ठेवले, आम्हां प्रत्येकास पाहू दिले, आणि सोडून दिला. बोटांवर पंखांची किंचित चकाकी राहिली होती, ती त्यांनी धोतरास पुसली आणि म्हणाले, "आता त्या पलीकडच्या गवतावरचा बघू."