सपाट पडदा आणि लांबचा हात

आज आधी एक प्रयोग करा. एक डोळा मिटा आणि सुईत दोरा ओवून बघा. दोरा कधी सुईच्या पुढून जातो, कधी मागून. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे दोघांना किंचित वेगळं चित्र दिसतं, आणि त्या फरकावरून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे मांडलं.

आता अमेरिकेत येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे होते. रेमंड गोर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांत्रिक हात बनवले. माणूस जाड भिंतीच्या अलीकडे, चिमटा पलीकडे. मधल्या जाड काचेतून तो दोन्ही डोळ्यांनी बघत असे, म्हणून खोली कळायची. चिमटा कुठे अडला, तर तो अडथळाही हाताला जाणवायचा.

१९५४ साली गोर्ट्झ यांनी विजेवर चालणारे हात तयार केले. आता दोन हातांमध्ये फक्त विजेच्या तारा होत्या, त्यामुळे माणूस कितीही लांब बसू शकत होता. पण लांब बसलं की खिडकी जाते आणि कॅमेरा येतो. एक कॅमेरा म्हणजे एकच डोळा!

हीच अडचण पुढे शस्त्रक्रियेत आली. १९८७ साली फ्रान्समध्ये ल्यों शहरात फिलिप मूरे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. मग ही पद्धत जगभर पसरली, आणि सर्जन सपाट पडद्याकडे बघून टाके घालू लागले. सावली, आकार, कोण कोणाला झाकतं, यावरून ते अंतर ओळखायला शिकले. रक्तवाहिनीजवळ हा अंदाज दोन मिलिमीटरनं चुकला, तरी महागात पडतं.

२००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’ यंत्रानं प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दिलं. खोली परत आली, पण स्पर्श गेला! दोरा किती ताणला गेलाय, हे सर्जनला डोळ्यांनीच ओळखावं लागे. दाब जाणवून देणारी उपकरणं या यंत्राच्या २०२४ साली मान्य झालेल्या पिढीत आली. गोर्ट्झ यांच्या हातांत ही जाणीव सत्तर वर्षांपूर्वीच होती.

म्हणून लांबून चालणारं कुठलंही यंत्र बघताना दोन प्रश्न विचारा: चालवणाऱ्याला खोली दिसते का? आणि अडथळा जाणवतो का?