स्त्रियांमधील लैंगिक समस्या

कामेच्छा, उत्तेजना किंवा कामपूर्ती यांत वारंवार अडथळा येणे, अथवा संभोगाच्या वेळी वेदना होणे, आणि त्यामुळे स्त्रीला मनस्ताप होणे, यास स्त्रियांमधील लैंगिक समस्या म्हणतात. निदानासाठी हा त्रास साधारणतः ६ महिने टिकलेला असावा लागतो. इच्छा कमी असूनही स्त्रीला स्वतःला त्याचा त्रास होत नसेल, तर तो आजार मानला जात नाही.

कारणे
शारीरिक, मानसिक व नातेसंबंधातील कारणे बहुधा एकत्र आढळतात. रजोनिवृत्तीनंतर आणि स्तनपानाच्या काळात इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनीमार्ग कोरडा पडतो. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस किंवा प्रसूतीतील जखमा यांमुळे वेदना होतात. मधुमेह, नैराश्य तसेच नैराश्यावरील काही औषधेही कारणीभूत ठरतात. गर्भधारणेची धास्ती, जोडीदाराकडून होणारी हिंसा, एकांताचा अभाव आणि अज्ञान यांचाही परिणाम होतो. व्हजायनिस्मस या विकारात योनीभोवतीचे स्नायू आपोआप आखडतात. वेदनेमुळे भीती व भीतीमुळे वेदना वाढत जाते.

महाराष्ट्रातील स्थिती
रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून स्त्रीच्या कामसुखाची उघड चर्चा केली. विदर्भातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी २ गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. अभ्यासाचा विषय लैंगिक समस्या हा नव्हता. तथापि संभोगातील वेदनेमागे असू शकणारे अनेक आजार संकोचामुळे तपासणीविना राहतात, हे त्यातून दिसते.

उपचार
उपचार कारणानुसार ठरतात. प्रथम वैद्यकीय इतिहास, चालू औषधे व आवश्यकतेनुसार शारीरिक तपासणी यांवरून मूळ आजार शोधला जातो. कोरडेपणासाठी वंगण किंवा वैद्यकीय सल्ल्याने योनीमार्गात वापरायचे इस्ट्रोजेन देतात. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांबाबत विशेष दक्षता घेतली जाते. व्हजायनिस्मसमध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे शिथिलीकरण, क्रमशः वाढत्या आकाराची विस्फारके आणि समुपदेशन उपयुक्त ठरते. नैराश्यावरील औषधे स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. शक्य असल्यास जोडीदारासही समुपदेशनात सहभागी करून घेतात; मात्र हिंसा होत असल्यास स्त्रीची सुरक्षितता प्रथम पाहिली जाते.

यवतमाळ जिल्ह्यातील नेरसारख्या तालुक्यांतील स्त्रियांना स्त्रीरोग व मनोविकार या विषयांतील तज्ज्ञांचा सल्ला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेता येतो.