तळटीप : सिस्टिम इव्हेंट

मूळ मजकुरातील 'सिस्टिम इव्हेंट' ही संज्ञा वापरकर्त्याने कळ दाबल्याच्या घटनेसाठी नसून, कर्नल, म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा, चालू प्रोग्रामला स्वतःहून ज्या घटना कळवतो त्यांच्यासाठी आहे. परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावात बसून कोणी मोबाइलवरून एसएसएच या दूरजोडणीच्या साधनाने दूरच्या लिनक्स सर्व्हरवरील अक्षरी पडद्याचा प्रोग्राम उघडला आणि मोबाइल आडवा धरला, तर एसएसएच ओळी-स्तंभांची नवी संख्या पलीकडे कळवते, तेथील कर्नल आभासी टर्मिनलचे माप बदलतो आणि प्रोग्रामला 'सिगविंच' हा सिग्नल मिळतो. हा सिग्नल कोणत्याही क्षणी, पडदा अर्धवट रेखाटलेला असतानाही, येत असल्यामुळे त्याच्या हँडलरमध्येच, म्हणजे तो येताच चालणाऱ्या फंक्शनमध्येच, रेखाटन करणे घातक ठरते; म्हणून असे प्रोग्राम लिहिण्याची चांगली चौकट (फ्रेमवर्क) तेथे केवळ खूण नोंदवते आणि उरलेले काम इव्हेंट लूपवर, म्हणजे घटना एकेक करून उचलणाऱ्या चक्रावर, सोपवते. एनकर्सेस या लायब्ररीमध्ये मापातील हा बदल न दाबलेल्या एका कळीच्या रूपात येतो, तर टेक्स्चुअल या चौकटीमध्ये स्वतंत्र घटना म्हणून, आणि ही दुसरी पद्धतच अधिक स्वच्छ होय. प्रोग्रामला थांबायला सांगणारा 'सिगटर्म' हा सिग्नल आल्यावर टर्मिनल पूर्ववत करूनच बाहेर पडावे, अन्यथा वापरकर्त्याला टंकलेली अक्षरेही दिसेनाशी होतात. प्रोग्राम तत्काळ बंद पाडणारा 'सिगकिल' हा सिग्नल मात्र कोणत्याही चौकटीला पकडता येत नाही.